पीरसाब मास्तरांचा निळा

"जनावराला दावं लावावं तसा कॅमेरा बांधून ठेवलाय. सोडला तर पळून जाईल की काय, अल्लालाच ठाऊक."

पीरसाब मास्तर हे स्वतःशीच पुटपुटले. पण मुमताज त्यांच्यापासून हातभरावर, कॅमेऱ्याच्या स्टँडपाशी उकिडवी बसून केबल फरशीला चिकटपट्टीनं चिकटवत होती, त्यामुळे शब्द न् शब्द तिच्या कानात पडला.

"तो नाही पळायचा अब्बा," ती मान वर न करता म्हणाली. "तुम्ही मात्र अडखळून पडाल. पाय उचलून टाका."

"चाळीस वर्षं रंगाच्या टाक्यांमधनं हिंडलो. एकदा पडलो न्हाय. आता तुझ्या दोरीला अडकून पडू व्हय?"

दोरी म्हणजे दहा फुटांची नारिंगी केबल. तिचं एक टोक कॅमेऱ्यात आणि दुसरं लॅपटॉपमध्ये. लॅपटॉप ठेवला होता तो सूत तोलायच्या जुन्या टेबलावर. कळ दाबली की समोर कॅमेरा टक् करायचा आणि दोन श्वासांत फोटो पडद्यावर उमटायचा, एवढा मोठा की चादरीतला एखादा धागा सरकला असेल तर तोही दिसावा. मुमताजनं ही पद्धत इंटरनेटवर बघून बघून उचलली होती. त्याआधी पंधरा वर्षं ती लग्नांतल्या बायकांच्या दालनात फोटो काढायची. तिथं पुरुष फोटोग्राफर चालायचा नाही आणि सोलापुरात कॅमेरा धरणाऱ्या बायका होत्या किती? त्या पंधरा वर्षांत ती एक गोष्ट शिकली होती. फोटो काढतानाच सगळ्यांना दाखवून टाकावा, म्हणजे नंतर कुणी "आम्हाला कुठं विचारलं" म्हणत नाही. लग्नातल्या फुप्पूंपुढं, म्हणजे मिरवणाऱ्या आत्यांपुढं, हा उपाय रामबाण होता. अब्बांपुढं त्याचं काय होणार, हे तिला गेल्या महिन्यापर्यंत ठाऊक नव्हतं.

कारखाना भवानी पेठेतला, शिवलिंगप्पांचा. एके काळी तिथं चोवीस माग चालायचे आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला मोठ्यानं बोलावं लागायचं. आता सहा चालतात आणि माणसं सवयीनं अजून मोठ्यानं बोलतात. शिवलिंगप्पा जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा नंदीश गादीवर बसला आणि त्यानं चादरी मोबाइलवरून विकायचं ठरवलं, म्हणून हा कॅमेरा, ही केबल आणि हा सोमवार.

सोमवार पीरसाबांचा. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी दर सोमवारी सकाळी दाढी करून, सदरा-पायजमा घालून ते कारखान्यात येत आणि आठवडाभरात रंगवलेलं सूत पास करत. रंगखात्याचं दार उत्तरेला. तिथल्या उजेडात उन्हाची झळ नाही की सावलीची काजळी नाही. त्या दारात ते लड दोन्ही हातांत ताणून धरायचे, एकदा नजरेसमोर, एकदा नजरेच्या कोपऱ्यात. मग लड तळहातावर आपटून म्हणायचे, "पास." मास्तरांनी पास म्हटल्याशिवाय धागा मागावर चढायचा नाही, हा शिवलिंगप्पांचा नियम. एकदा दिवाळीच्या तोंडावर हुबळीच्या व्यापाऱ्याचा ट्रक दारात उभा असताना मास्तरांनी तयार माल नापास केला होता. शेठ ओट्यावर बसले, पान खाल्लं आणि म्हणाले, "उतरवा." बस, एवढंच. ती गोष्ट कारखान्यात अजून कुणीही नवा आला की सांगतात आणि दर वेळी ट्रक थोडा मोठा होतो.

मुमताजनं ती गोष्ट ऐकली नव्हती, पाहिली होती. उर्दू शाळा सुटली की ती दप्तर घेऊन रंगखात्याच्या उंबऱ्यावर येऊन बसायची. अब्बा ओली लड तिच्यासमोर धरायचे.

"हा कुठला?"

"लाल."

"लाल तर टमाटाबी असतो आन् कुंकूबी. कुठला लाल?"

मग ती शोधायची. डाळिंबी. किरमिजी. राणी. चुकलं तर अब्बा रागवायचे नाहीत, नुसते लड पुन्हा पाण्यात बुडवायचे, जणू काही चूक सुताचीच. हिरव्यातला मेंदी आणि पोपटी वेगळा काढता आला त्या दिवशी त्यांनी तिला कोपऱ्यावरच्या गाड्यावरची मलई कुल्फी दिली होती. आणि निळ्याला तर नावच नव्हतं. तो मोरपंखी नव्हता, शाईचा नव्हता, आकाशी तर नव्हताच. व्यापारी ऑर्डरीच्या कागदावर सरळ लिहायचे : पीरसाब निळा, दहा डझन.

आज तीच निळी चादर आडव्या दांडीवर टांगली होती. मथुराबाई, चादरींच्या दशांना गाठी मारण्यात जिची तीस वर्षं गेली, ती खालचं टोक ओढून सुरकुत्या काढत होती.

"लई ताणू नगं मावशी," मुमताज म्हणाली.

"मी ताणली न्हाय तर तुझं ते यंत्र माजी सुरकुती दाखवंल आन् नंदीश म्हणंल चादरीची हाय."

मुमताजनं चादरीच्या कोपऱ्याला तळहाताएवढा राखाडी पुठ्ठा लावला आणि पहिला फोटो काढला. त्या पुठ्ठ्यात कुठलाच रंग नसतो. कॉम्प्युटरला तेवढं दाखवलं की बाकीचे रंग तो आपोआप सरळ करतो. पडद्यावर चादर उमटली. मुमताजनं एकदा दांडीकडं पाहिलं, एकदा पडद्याकडं. तोच निळा. केसभरही फरक नाही.

पीरसाब पुढं वाकले. चष्मा वर केला, खाली केला.

"पिवळट मारतोय."

मथुराबाईनं दशांचा गुंता नसतानाही तो सोडवायला घेतला.

"चादरच तशी झालीय," पीरसाब म्हणाले. "जुनी गोडी न्हाय राहिली रंगात. नापास करून माग किती दिवस बंद ठेवायचे? आता चादर तर सुधारत नाही, निदान फोटो तरी नीट दाखव. निळा वाढव."

मुमताजचा हात माउसवर गेला. पडद्याच्या कडेला एक बारीक पट्टी होती. ती सरकवली की फोटो पिवळ्याकडून निळ्याकडे जायचा. तिनं सरकवली.

"आजून."

आणखी सरकवली. चादर जांभळ्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"हां. हा माझा निळा. पास."

गेल्या महिन्यातही असंच झालं होतं. तेव्हा मुमताजनं अब्बांनी पास केलेलेच फोटो नंदीशच्या हवाली केले होते. अब्बांनी पास केलं आणि ते बाजूला ठेवून दुसरं काही बाहेर पाठवायचं, हे तिच्या हातून होईना. पंधरा दिवसांत एक्केचाळीस चादरी परत आल्या. फोटोत एक रंग, हातात दुसरा. मग कारखान्यात कारणांचा बाजार भरला. नंदीश म्हणाला, लोकांचे मोबाइल हलके असतात. मथुराबाई म्हणाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत रंग घुसमटतो. ज्ञानबा, सध्याचा रंगारी, त्यानं बोअरच्या पाण्याला नावं ठेवली. मुमताजनं केबल खराब आहे म्हणून सांगितलं. ती केबल कोरी होती, तिच्यावरचं वेष्टण सोडून आठवडा झाला नव्हता.

खरं कारण प्रत्येकाला ठाऊक होतं आणि ते दर सोमवारी पांढऱ्या कपड्यांत समोर येऊन उभं राहायचं. पांढरे तरी कसे म्हणावे? अम्मी गेल्यापासून पीरसाब आपले कपडे आपण धुवायचे. पांढरा त्यांना पांढरा दिसेना, म्हणून ते नीळ वाढवत गेले. आता त्यांचा सदरा लांबूनसुद्धा अस्मानी दिसायचा. पेठेतली पोरं म्हणायची, चाचा आले, आभाळ उतरलं.

मुमताज त्यांना चष्म्याच्या दुकानात घेऊन गेली होती. पीरसाब आरशासमोर फ्रेमी लावून बघत होते तेव्हा तपासणाऱ्या माणसानं तिला बाजूला घेऊन सांगितलं. दोन्ही डोळ्यांत, आणि बराच पिकलाय. साधं ऑपरेशन आहे, दुसऱ्या दिवशी घरी. बाहेर आल्यावर अब्बांनी विचारलं, "क्या बोल्या?" तिनं सांगितलं, "नंबर वाढलाय." रिक्षात बसता बसता ते म्हणाले, "जल्दी बनाके देव बोल. सोमवार है."

ऑपरेशनचं भय नव्हतं. एवढं असतं तर तिनं हात धरून नेलं असतं. भय निराळंच होतं, आणि त्याचं नाव होतं आवेज.

आज मात्र नंदीशनं तोड काढली होती. अब्बा हात धुवायला गेले तसा तो लॅपटॉपपाशी येऊन हळूच म्हणाला, "ताई, असं करू. मास्तरांना दाखवायचा एक फोटो आणि पाठवायचा एक. पट्टी सरकवायची, पास घ्यायचं, मग मागं न्यायची. त्यांचंही मन राहील, आपलं काम पण होईल."

"आणि त्यांनी विचारलं तर?"

"कोण सांगणार आहे?"

खरंच, कोण सांगणार होतं? अकरा वाजेपर्यंत सहा चादरी झाल्या. सहा वेळा पट्टी पुढं गेली, सहा वेळा चादर पास झाली, सहा वेळा मागं आली. मुमताजला लग्नातल्या त्या फुप्पू आठवल्या, ज्यांना दाखवायचा फोटो आणि अल्बममधला फोटो ती कधी वेगळा करत नव्हती. परक्या बायकांशी जी बेइमानी केली नाही, तीच आता ती बापाशी करत होती, आणि बाप खुशीत होता. इतका खुशीत की त्यानं मथुराबाईला चिडवलं.

"मथुरा, तुजी गाठ बघ पडद्यावर. पोत्याला बांधल्यागत दिसतीय."

"तुमाला गाठ दिसली, लई झालं की," मथुराबाई पटकन बोलून गेली आणि बोलल्यावर तिनं पदर तोंडावर घेतला.

चहा आला. चहाबरोबर नंदीशनं तो विषय काढला. काढायलाच हवा होता, कारण महिनाअखेर ज्ञानबा माढ्याला आपल्या उसाकडं परत निघाला होता आणि रंगखातं मोकळं पडणार होतं.

"मास्तर, आवेजचा फोन आला होता. परत येतो म्हणतोय. बायकोला सातवा महिना आहे, बाळंतपण इथं व्हावं असं तिच्या मनात आहे. तुम्ही हो म्हणाल तर बोलावतो."

पीरसाबांनी कप बशीत ठेवला.

आवेज त्यांचा पुतण्या. भाऊ लवकर गेला, पोर पीरसाबांच्याच ताटात जेवून मोठं झालं, त्याच उत्तरेच्या दारात उभं राहून रंग शिकलं. निवृत्त होताना मास्तरांनी टाक्या त्याच्या हवाली केल्या. दोन वर्षांपूर्वी एका सोमवारी त्यांनी निळी लड हातात घेतली आणि म्हणाले, हा माझा निळा नाही. पुढच्या सोमवारी तेच. त्याच्या पुढच्या सोमवारी, सगळ्या कामगारांसमोर, म्हणाले की पोरगा रंगाची पूड मारतोय, कमी घालतोय आणि उरलेली बाहेर विकतोय. आवेजनं हातातले रबरी मोजे काढून टाकीच्या काठावर ठेवले आणि गेला तो थेट भिवंडीला. तेव्हा सगळ्यांनी विश्वास ठेवला. मास्तरांची नजर चुकते हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मुमताजनंही ठेवला. गेल्या ईदला आवेज नवी पेठेत समोरून येताना दिसला, तेव्हा ती जवळच्या दुकानात शिरली आणि नको असलेली कापडं उलटीपालटी करत बसली. तेव्हा चष्म्याच्या दुकानात जायला अजून दोन महिने होते.

"चोराला परत घ्यायचा?" पीरसाब म्हणाले.

"मास्तर, झालं गेलं..."

"माझ्या भावाचं पोर हाय. मला त्रास न्हाय का? पर मी डोळ्यांनी बघितलंय नंदीश. तुला खोटं वाटतंय ना? ज्ञानबा! नमुन्याचं बुक आण."

ज्ञानबा जागचा हलेना.

"आण की रे. कपाटात हाय, वरल्या खणात."

नमुन्याचं बुक मास्तरांनीच सुरू केलेलं. दर वर्षीच्या पहिल्या निळ्या लडीतला बोटभर झुपका कापून ते पुठ्ठ्याच्या पानाला टाचायचे, खाली वर्ष लिहायचे आणि रंगाऱ्याची सही घ्यायचे. वही फडक्यात गुंडाळून अंधारात ठेवलेली असायची, म्हणजे उजेडानं रंग खाऊ नये. ज्ञानबानं ती दोन्ही हातांनी आणली, जणू भरलेलं ताट आणतोय. पीरसाबांनी पानं उलटली. एका पानावर बोट ठेवलं.

"हे माझं. शहाऐंशी सालचं. मुमताज तेव्हा एवढी होती." त्यांनी हात टेबलाच्या उंचीवर धरला आणि त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "हा झुपका कापला त्या दिवशी शेठनी सगळ्यांना जिलबी दिली होती. टाकीत उतरून अंघोळ करावी असा रंग आला होता."

मग शेवटची पानं. "आन् हे त्याचं. सही बघ. आता तूच लाव दोन्ही शेजारी शेजारी तुझ्या त्या कॅमेऱ्याखाली. एवढा मोठा पडदा हाय, दूध का दूध दिसू दे नंदीशला."

मुमताजनं नंदीशकडं पाहिलं. नंदीश आपल्या चपलेकडं पाहत होता.

तिनं दोन्ही झुपके सोडवून पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवले. शेजारी राखाडी पुठ्ठा. कॅमेरा खाली वाकवला. हे सगळं तिनं फार सावकाश केलं, वेळ जावा म्हणून. कळ दाबली. टक्. नारिंगी केबलमधून काहीतरी धावत गेलं आणि दोन श्वासांनंतर पडद्यावर दोन निळे झुपके उमटले. सुताचा एकेक तंतू दोरखंडाएवढा. डावीकडं शहाऐंशी साल, उजवीकडं दोन वर्षांपूर्वीचं. दोन्ही तेच. नाव नसलेला तोच निळा, जिलबीच्या दिवसाचा, उंबऱ्यावरच्या दप्तराचा. इतकी वर्षं त्याला काही झालं नव्हतं.

पीरसाब पडद्याजवळ गेले. इतके जवळ की त्यांच्या श्वासानं काच धुरकटली. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. या झुपक्यावरून त्या झुपक्यावर त्यांची नजर गेली, आली, गेली.

"माझा कुठला?" त्यांनी विचारलं.

"डावा," ज्ञानबा म्हणाला.

"हा?" त्यांनी पडद्यावरच्या डाव्या झुपक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "हाबी उडाला की रे."

"उडणारच की मास्तर," ज्ञानबा घाईघाईनं म्हणाला. "किती साल झाली. सूतच हाय ते."

"कागद खातोय रंग," मथुराबाईनं री ओढली. "माज्या लग्नातलं पातळ बघा, ट्रंकेत ठिवलं तरी पार पांढरं पडलं."

"आणि लॅपटॉपचं पण काही खरं नसतं मास्तर," नंदीश म्हणाला. "राहू द्या. पुढच्या सोमवारी निवांत बघू. चहा गार झाला, दुसरा सांगतो."

सगळे एकदम बोलू लागले. सहा मागांच्या आवाजावर आवाज चढवून, इतक्या प्रेमानं आणि इतकं खोटं, की मुमताजला वाटलं आता उठून सगळ्यांच्या पाया पडावं. पीरसाबांनी हात वर केला. सगळे थांबले. त्या हाताचा मान अजून होता.

त्यांनी खुर्ची ओढली आणि मुमताजच्या अगदी शेजारी बसले. त्यांच्या सदऱ्याला निळीचा वास येत होता.

"ही माणसं माझा मान ठेवतात," ते हळू आवाजात म्हणाले. "तू ठेवू नको. तुझी नजर मी घडवलीय. लाल म्हटलीस तर कुठला लाल, हे तुला मी विचारलंय. मला आज दोन्ही एकच दिसायलेत. माझाबी तसाच, त्याचाबी तसाच, मातेरं झाल्यागत. म्हणून तुला विचारतो. बघ आन् सांग. ह्यातला आवेजनं खाल्लेला कुठला?"

मुमताजनं माउसवरचा हात काढून घेतला. पट्टी जिथं होती तिथंच राहिली.

"कुठलाच नाही, अब्बा. दोन्ही तुमचाच निळा आहे, शहाऐंशीतला. आवेजनं काही चोरलं नव्हतं. तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय."